थियागो सिल्वाची रीसेल व्हॅल्यू

'तरुण पोरं घ्या' असं कुठल्याही फुटबॉल क्लबला सांगितलं की टाळ्या पडतात. मग कुणीतरी हटकून १९९५चा किस्सा काढतो. मँचेस्टर युनायटेड मोसमाच्या पहिल्याच सामन्यात ॲस्टन व्हिलाकडून ३-१ असं हरलं. पोरांच्या जिवावर काही जिंकता येत नाही, असं ॲलन हॅन्सन टीव्हीवर बोलून गेला. आणि त्याच मोसमात बेकहॅम, स्कोल्स, नेव्हिल वगैरे पोरांनी लीग आणि एफए कप दोन्ही उचलले. हॅन्सनला लोक आजही हसतात.

हसा. पण त्या पोरांच्या मागे गोलमध्ये श्मायकेल होता, बचावात पस्तिशीचा स्टीव्ह ब्रूस होता. ऑक्टोबरमध्ये बंदी संपवून कँटोना परतला आणि कप फायनलचा एकमेव गोल त्यानंच मारला. किस्सा सांगताना हा अर्धा भाग गाळला जातो.

चेल्सीच्या नव्या मालकांनी २०२२पासून उरलेला अर्धा भाग धोरण म्हणून राबवलाय. बावीस वर्षांच्या मुद्रिकला साडेआठ वर्षांचा करार, एकवीस वर्षांच्या कैसेडोला आठ. यात फुटबॉल कमी, हिशेब जास्त. समजा, आठ कोटी पौंडांची फी आठ वर्षांत वाटली, तर वहीत दरवर्षी एकच कोटी दिसतो. (यूएफानं २०२३मध्ये ही वाटणी पाच वर्षांवर आणली, ती उगाच नाही.) शिवाय पोरगा पुढे विकता येतो. पस्तिशीच्या माणसाला रीसेल व्हॅल्यू नाही, त्याचा पगार म्हणजे नुसता खर्च.

थियागो सिल्वा असाच 'खर्च' होता. जुन्या मालकांच्या काळात, २०२०मध्ये, पस्तिसाव्या वर्षी तो ट्रान्सफर फीशिवाय आला आणि पहिल्याच मोसमात चेल्सीनं चॅम्पियन्स लीग जिंकली. नव्या राजवटीत २०२३च्या जानेवारीत जॉर्जिन्यो गेला, मोसम बाराव्या स्थानावर संपला, उन्हाळ्यात कांते, अझ्पिलिक्वेटा, कोवाचिचही गेले. सिल्वा २०२४मध्ये गेला.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून हे जरा जास्तच झोंबतं. माझ्या पहिल्या कंपनीत 'महाग' म्हणून दोन सीनियर काढले आणि त्यांच्या पगारात आम्ही पाच फ्रेशर्स आलो. कागदावर फायदाच. तीन महिन्यांनी रात्री दोनला सर्व्हर झोपला, तेव्हा पाचही जण एकमेकांची तोंडं बघत बसलो. सकाळी ज्याचा कोड शेवटचा गेला होता, त्याला झापलं. तो मी नव्हतो, एवढंच माझं नशीब.

'पण २०२५मध्ये क्लब वर्ल्ड कप जिंकला की!' जिंकला, पीएसजीला ३-० हरवून. कोल पामर भन्नाटच आहे. माझं भांडण पोरांशी नाही, मी त्यांच्याच बाजूचा आहे. गोल खाल्ल्यावर पुढची पाच मिनिटं डोकं थंड कसं ठेवायचं, हे डॅशबोर्ड बघून येत नाही. शेजारी कुणीतरी ओरडणारा लागतो. तो न देता पोराला मैदानात सोडायचं आणि हरलं की सोशल मीडियावर त्यालाच सोलायचं, याला तरुणांवरचा विश्वास म्हणू नका. पुढच्या विंडोत हवे तेवढे विंगर घ्या, पण आधी एक तिशीपारचा सेंटर-बॅक आणा, तोट्यात आला तरी चालेल.