फिल्टर कापायला सांगणाऱ्यांनो, आधी फणसवाडीत या



पिकअपच्या सायलेन्सरमधला फिल्टर कापायचा, आत नुसता पाइप वेल्ड करायचा, कॉम्प्युटर लावून सेन्सर बंद करायचा आणि "आता गाडी टकाटक, ॲव्हरेज पण वाढलं" म्हणून सांगायचं. असले व्हिडिओ आपल्या ग्रुपवर फिरताहेत. खाली आपलेच लोक लाइक ठोकतात आणि मेकॅनिकचा नंबर मागतात. मला हे अजिबात पटत नाही.

आधी फिल्टरचं काम समजून घ्या. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांना डीपीएफ बसला. मधमाशीच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी, फक्त तिची प्रत्येक नळी एका टोकाला बुजवलेली. धूर भिंतीतून झिरपून बाहेर जातो, काजळी आत राहते. ती काजळी गाडी स्वतःच जाळते. त्यासाठी जादा डिझेल सोडून फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवते. याला रिजनरेशन म्हणतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम, पण तेवढा वेळ गाडी सलग आणि बऱ्या वेगात पळाली पाहिजे. सगळी मेख इथंच आहे.

आमचा पुतण्या गिरगावात फणसवाडीत राहतो. जुन्नरहून आमचा भाजीपाला जातो, तो पुढं चाळी-सोसायट्यांत वाटतो. गाड्या दोन, मॉडेल एकच, एकाच वर्षी घेतलेल्या. माल घेऊन जाणारी आळेफाट्यावरून माळशेज उतरून कल्याणमार्गे जाते. दीडशेच्या वर किलोमीटर सलग पळते. तिचा फिल्टरचा दिवा आजवर लागलेला नाही. फणसवाडीत राहते ती मात्र दर पंधरा-वीस दिवसांनी दिवा दाखवते. का? तर तिचं सगळं आयुष्य ठाकूरद्वार, चिरा बाजार, भुलेश्वर, फार तर लालबाग-परळ. दोनशे मीटर जायचं, थांबायचं, दोन क्रेट उतरवायचे. इंजिन चालूच, कारण मागून हॉर्न सुरू. काजळी जाळायला कुठं सुरुवात होते, तोवर पुढची चाळ येते आणि पोरगं चावी फिरवतं. असं दिवसातून पाच वेळा. जाळण्यासाठी सोडलेलं डिझेल मग इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ते पातळ झालंय. बेअरिंगला त्याचा काही उपयोग नाही.

आता सांगा, दोष कुणाचा? शोरूमवाल्यानं गाडी देताना रंग विचारला, हप्ता विचारला, सीट कव्हर फुकट दिलं. रोज किती किलोमीटर आणि कुठल्या रस्त्याला चालणार, हे विचारलं नाही. दिवा लागल्यावर सर्व्हिस सेंटरचं उत्तर काय, तर "तुमची चालवायची पद्धत चुकीची आहे." अहो, फणसवाडीत साठच्या वेगानं गाडी चालवायची पद्धत कोणती, ती एकदा दाखवा तरी! वर म्हणतात, पुस्तकात लिहिलंय. लिहिलंय, नाही म्हणत नाही. पण विकताना ते पान कुणी उघडून दाखवलं? नवीन फिल्टर काही गाड्यांत लाखाच्या घरात जातो. विकणाऱ्यानं गप्प बसायचं आणि घेणाऱ्यानं भरायचं, हा कुठला न्याय?

म्हणून कापणारे बरोबर ठरतात असं नाही. आमच्या रानात ट्रॅक्टरचा धूर चार एकरावर पांगतो. फणसवाडीच्या गल्लीत तो जाणार कुठं? दोन्ही बाजूंना चाळी, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, खाली खेळणारी पोरं. डिझेलच्या धुरानं कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१२ मध्येच जाहीर केलंय. टोमॅटोवर औषधाचा अंश राहू नये म्हणून आपण पीएचआयचे दिवस मोजतो, आणि तोच टोमॅटो पोचवताना गिऱ्हाइकाच्या दारात काजळी सोडायची? "पीयूसी तर पास होते" हे उत्तर मला देऊ नका. तिथं फक्त धुराचा दाटपणा बघतात, डोळ्याला न दिसणारे बारीक कण कोणी मोजत नाही. आणि मूळ गाडीत असा फेरफार करायला कायद्यात मनाई आहे. प्रदूषणाच्या कलमाखाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. व्हिडिओवाला तेव्हा तुमचा फोन उचलणार नाही.

माझं सरळ म्हणणं: गल्लीबोळातल्या वाटपाला डिझेल घेऊच नका, सीएनजी घ्या. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी डिझेल कधीच सोडलं, ते काही येडे नाहीत.

ज्यांच्या गळ्यात डिझेल पडलीच आहे त्यांनी आठवड्यातून एकदा तरी तिला पळवा. पुतण्या आता रात्री उशिरा सायनवरून हायवेला लागून ठाण्यापर्यंत जाऊन येतो. टॉप गिअरमध्ये रडवत नाही, एक गिअर खाली ठेवतो, म्हणजे इंजिन तापतं. उभ्या गाडीचा आरपीएम जरा वाढलेला दिसला, पंखा जोरात लागला, गरम वास आला, तर जळण चालू आहे समजा आणि चावीला हात लावू नका. ऑइल पुस्तकात सांगितलेलं कमी राखेचंच भरा. काजळी जळते, पण ऑइलमधली राख जळत नाही, ती जाळीत साठत जाते. राखेनं भरला म्हणून लगेच नवीन घ्यायची घाई करू नका. फिल्टर काढून साफ करता येतो, आधी ते विचारा. रॉकेल मिसळलेलं सुट्टं डिझेल तर लांबूनच नमस्कार.

ट्रॅक्टरवाल्यांनी यातून आपण सुटलो असं समजू नये. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ लागू आहे. घेताना विचारा, यात फिल्टर आहे का, असेल तर उभ्या-उभ्या जाळायचं बटण कुठं आहे, साफसफाई कोण करणार आणि किती पैसे. उत्तर बिलाच्या मागं लिहून सही घ्या. सही द्यायला का-कू केली तर दुसऱ्या शोरूममध्ये जा. आणि बटण दाबायच्या आधी ट्रॅक्टर पाचटावरून, कडब्याच्या गंजीपासून लांब, मोकळ्या जमिनीवर आणा. सायलेन्सर तेव्हा इतका तापतो की वाळलेलं गवत सहज पेटेल.