जिद्दीचे पोवाडे आणि अनाथ पटकथा

ग्रामीण भागातून आलेल्या एखाद्या लेखकाने चित्रपट लिहिला, की आपल्याकडे त्याच्या जिद्दीवर भरभरून लिहिले जाते. त्याने काय लिहिले आणि कसे लिहिले, हे मात्र कोणी विचारत नाही. मूळचे मुळशी तालुक्यातले प्रवीण तरडे यांच्या बाबतीत नेमके हेच झाले. एकांकिका, मग दूरचित्रवाणी मालिकांचे लेखन, २०१५ मध्ये 'देऊळ बंद' आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये 'मुळशी पॅटर्न' असा हा प्रवास. त्यावर मुलाखती झाल्या, सत्कार झाले, गुन्हेगारीच्या उदात्तीकरणाचा वादही झाला. मराठीच्या अभ्यासकांनी करावी अशी पटकथेची चिकित्सा मात्र आमच्या वाचनात आली नाही.

जिद्दीचे कौतुक हा टाळाटाळीचा सभ्य प्रकार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कवीच्या चिकाटीवर आपण प्रबंध लिहीत नाही, त्याच्या प्रतिमांवर लिहितो. मग पटकथाकाराच्याच वाट्याला चरित्र का यावे? कारण पटकथा ही आपण अजूनही साहित्याच्या उंबऱ्याबाहेर ठेवली आहे. ती म्हणजे संवादांची वही, दिग्दर्शकाच्या हाताखालचा कच्चा माल, ही समजूत आपल्या विभागांत घट्ट बसलेली आहे.

ही समजूत किती तकलादू आहे, हे 'मुळशी पॅटर्न'च दाखवून देतो. मुळशी आणि जमीन हे नाते जुने आहे. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला, तेव्हा जमीन हिरावून घेणारा बाहेरचा होता. कथाकाराच्या दृष्टीने ही सोपी मांडणी, कारण खलनायक समोर उभा असतो. हिंजवडीच्या आयटी पार्कनंतर आणि बंगल्यांच्या योजना डोंगरांवर चढू लागल्यानंतरच्या मुळशीत जमीन विकली जाते, आणि विकणारा घरातलाच असतो. हा पेच पडद्यावर आणायचा कसा? सातबाराचा उतारा दाखवून नाट्य उभे राहत नाही. तरडे यांनी तो बापाच्या देहावर आणला. एके काळी जमिनीचा मालक असलेला माणूस पुढे शहरात हमाली करतो. पाठीवरचे ओझे हेच इथे अर्थशास्त्र होते, त्यासाठी भाषणाची गरज उरत नाही. मनातले किंवा समाजातले काही दिसेल अशा कृतीत बदलणे, हे पटकथालेखनाचे पहिले कौशल्य. ते अंगी येण्यास वर्षे लागतात, आणि चिकाटी या शब्दाला अर्थ असलाच तर तो इथे आहे. तीच दृश्ये पुन्हा पुन्हा लिहिणे, आवडलेले वाक्य गरज नसेल तर काढून टाकणे, ही ती चिकाटी होय. दाराबाहेर ताटकळत उभे राहण्याच्या कहाण्या म्हणजे चिकाटी नव्हे.

याच चित्रपटावर घ्यायचा आक्षेपही लेखनाच्या पातळीवरच घ्यायला हवा. उदात्तीकरण झाले, एवढे म्हणून भागत नाही. ते कोठून आले? आमच्या मते ते आकृतिबंधातून आले. गुंडाचा उदय आणि अस्त हा साचा उसना घेतला, की उदयाच्या भागात प्रेक्षक गुंडाबरोबरच चालतो, आणि जमिनीचा मूळ प्रश्न टोळ्यांच्या हाणामारीमागे ढकलला जातो. साचा आपले मूल्यही सोबत घेऊन येतो. कादंबरीच्या समीक्षेत आपण हे सहज बोलतो. पटकथेबाबत बोलत नाही, इतकेच.

इथे असे म्हटले जाईल, की चित्रपट दिग्दर्शकाचा, नटांचा आणि संकलकाचाही असतो, त्यात लेखन वेगळे कसे काढणार? उत्तर २०२१ सालच्या 'अंतिम' या हिंदी अवतारात आहे. मुळशीची बोली गेली, दिग्दर्शक आणि नट बदलले, तरी कथेचा सांगाडा ओळखू येतो. म्हणजे संवादांपलीकडे लेखन असते. उलट पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत सलमान खान आल्यावर कथेचा तोल त्या बाजूला झुकला. वजन कोठे ठेवायचे हा लेखनाचाच निर्णय असतो, हे यावरून कळते.

परंपरेचा दुष्काळ आहे असेही नाही. 'दो आँखें बारह हाथ' ग. दि. माडगूळकरांनी लिहिला. विजय तेंडुलकरांनी 'सामना', 'सिंहासन', 'आक्रोश', 'अर्धसत्य' लिहिले. 'मंथन'च्या पटकथेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरीही वर्गात माडगूळकर म्हणजे गीते आणि तेंडुलकर म्हणजे नाटके. उरलेले लेखन पोटापाण्याचे, असा निकाल कोणी आणि कोणत्या निकषावर दिला?

काही ठिकाणी माध्यमलेखनाची प्रश्नपत्रिका आली आहे, हे खरे. पण तिथे पटकथा म्हणजे व्याख्या, स्वरूप आणि वैशिष्ट्ये, पाच गुणांसाठी. याऐवजी श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा आणि 'अर्धसत्य', अरुण साधूंच्या राजकीय कादंबऱ्या आणि 'सिंहासन' समोरासमोर ठेवाव्यात. काय गळले, काय वाढले, कोणता विचार कोणत्या कृतीत गेला, हे विद्यार्थ्याने शोधावे. मग स्वतः एक दृश्य लिहावे, आणि तेच तीनदा लिहावे.

पौड, पिरंगुटकडून एस.टी.ने येणाऱ्या मुलांपैकी कोणीतरी आज वहीत चित्रपट लिहीत असेल. त्याला शाबासकी देणारे पुष्कळ भेटतील. सतराव्या पानावरचे दृश्य का पडते, हे सांगणारा वाचक त्याला मराठीच्या विभागात भेटणार नसेल, तर त्या विभागाने समकालीन साहित्याविषयी बोलण्याचा अधिकार कोणत्या तोंडाने सांगावा?