श्रेयांकांची समाजसेवा

'सेवा' हा शब्द आपल्याकडे टीकेच्या पलीकडचा समजला जातो. ज्या शब्दाला कोणी प्रश्न विचारीत नाही, त्याच्या आडून सत्तेला पुष्कळ काही करता येते. म्हणून तो शब्द अधूनमधून तपासून घेणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे कर्तव्यच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील महाविद्यालयांत नवी रचना आली, आणि तिच्याबरोबर विद्यार्थ्यांचा समाजातील सहभागही श्रेयांकांच्या तक्त्यात जाऊन बसला. स्थानिक संस्थेत काही तास काम करावे, अहवाल लिहावा, छायाचित्रे जोडावीत, प्रमाणपत्र घ्यावे आणि दोन श्रेयांक पदरात पाडून घ्यावेत, अशी ही व्यवस्था आहे. विद्यार्थ्याने समाजात जावे याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. तो कोणाकडे जातो, काय पाहतो आणि काय पाहू नये अशी तजवीज केली जाते, हा आपला प्रश्न आहे.

हा प्रश्न वालचंदनगरच्या परिसरात विचारणे विशेष उचित ठरेल. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ ऊस आणि साखर कारखाना यांच्या आधारावर ही वसाहत उभी केली. भाटघरच्या धरणाचे आणि नीरेच्या कालव्याचे पाणी सार्वजनिक पैशाने आले होते; जमीन भोवतालच्या शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेली होती; श्रम मजुरांचे होते. घरे, शाळा, दवाखाना या गोष्टी मात्र मालकाची देणगी म्हणून ओळखल्या गेल्या. पुढे १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला. खासगी साखर कारखान्यांच्या जमिनी १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे गेल्या. खंडकरी शेतकऱ्याला मात्र आपली जमीन परत मिळण्यासाठी दशकानुदशके मोर्चे काढावे लागले, न्यायालयांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. एकविसाव्या शतकाचे पहिले दशक उलटून गेल्यावर कोठे ती मिळू लागली. याच पंचक्रोशीतील रत्नपुरीसारख्या मळ्यांवर पिढ्यानपिढ्या राबलेल्या मजुरांना राहत्या घराच्या जागेसाठी त्यानंतरही झगडावे लागले. देणगी आणि हक्क यांत अंतर काय, हे शिकण्यासाठी या परिसरातील विद्यार्थ्याला परदेशी ग्रंथ वाचण्याची गरज नाही. ते त्याच्या आजोबांच्या सातबाऱ्यावर लिहिलेले आहे.

पण त्याला तो सातबारा वाचायला कोणी सांगत नाही. त्याला झाडू दिला जातो.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर ही तिची चौकट सर्वांच्या परिचयाची आहे. या योजनेतून चांगले काम झालेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनेक कार्यकर्त्यांची समाजाशी पहिली ओळख अशाच शिबिरात झाली. तरीही सात दिवसांत काय होते, हे आपण डोळसपणे पाहिले पाहिजे. गावचा रस्ता झाडला जातो, पाच-पन्नास रोपे लावली जातात, सायंकाळी प्रबोधनपर व्याख्यान होते, समारोपाला स्थानिक पुढारी येतात. आठव्या दिवशी गाव होते तेथेच असते. गायरान कोणी बळकावले, दलित वस्तीचा रस्ता कोठे अडला, पाणी कोणाच्या शेताला मिळते आणि कोणाच्या मळ्याआधी आटते, हे प्रश्न शिबिराच्या वेळापत्रकात नसतात. कारण ते विचारले तर समारोपाचा अध्यक्ष मिळणार नाही.

आणखी एक विसंगती पाहा. अंथुर्णे, लासुर्णे, कळंब या गावांतून महाविद्यालयात येणाऱ्या मुलामुलींपैकी कितीतरी जण अल्पभूधारक आणि शेतमजूर कुटुंबांतील असतात. जी मुलगी रविवारी आईबरोबर खुरपणीला जाते आणि त्या रोजगारातून परीक्षा शुल्क भरते, तिलाच सोमवारी 'श्रमप्रतिष्ठा' शिकविण्यासाठी फावडे दिले जाते. तिच्या रविवारच्या घामाला श्रेयांक नाहीत, सोमवारच्या घामाला आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' ही कल्पना मांडली, तेव्हा श्रमाचे मोल विद्यार्थ्याच्या हातात पडत होते आणि त्यातून त्याचे शिक्षण उभे राहत होते. आजच्या योजनेत श्रम विद्यार्थ्याचे, प्रवासखर्चही बहुधा त्याचाच, आणि मूल्यांकनाच्या दप्तरातील गुण संस्थेचे! ज्या प्राध्यापकाने या कामावर देखरेख ठेवायची, तोही अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावर राबणारा, सुटीच्या महिन्यांत बिनपगारी असणारा उच्चशिक्षित मजूरच असतो.

अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून या ठिकाणी एका मूलभूत गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. जे काम समाजाला नित्य हवे आहे, ते फुकट करून देणारे हात उपलब्ध झाले की त्या कामाचा दर पडतो. आपल्या राज्यकर्त्यांनी हे फार पूर्वी ओळखले आहे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडी चालविणारी स्त्री 'सेविका' ठरली आणि तिला वेतनाऐवजी मानधन मिळू लागले. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि 'आशा' ही 'स्वयंसेविका' ठरली; तिला कामागणिक मोबदला. सेवा आणि स्वयंसेवा या पवित्र शब्दांनी लाखो स्त्रियांचे वेतन गिळले. त्या शब्दांचा पडदा फाडण्यासाठी महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांना डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत दीर्घ संप करावा लागला. त्यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे हे ठरण्यासाठी २०२२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला. शाळेत शिक्षक नाही म्हणून विद्यार्थी शिकवतो, ग्रामपंचायत सफाई कामगार नेमत नाही म्हणून विद्यार्थी झाडतो, तेव्हा तो नकळत त्याच पडद्याला ठिगळ लावीत असतो. रिकाम्या जागा न भरणाऱ्या सरकारला याहून स्वस्त उपाय कोणता सापडणार?

बारामती-इंदापुरात या प्रश्नाचे रोकडे रूप दर हंगामात उभे राहते. गाळप सुरू झाले की भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर, बिजवडी येथील कारखान्यांच्या परिसरात बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पहाटेपासून फडात. मुले खोपीजवळ धाकट्या भावंडांना सांभाळीत बसतात. आपले विद्यार्थी या मुलांना शिकवायला जातात. त्यांच्या मनातील कणव खरी आहे आणि तिचा उपहास करण्याचे पाप आपण करू नये. परंतु १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा अमलात आहे. सहा ते चौदा वर्षांच्या त्या मुलाला जवळच्या शाळेत, हंगामाच्या मधोमधही, प्रवेश मिळणे हा त्याचा हक्क आहे. तो मिळवून देणे हे स्थानिक यंत्रणेचे कायदेशीर कर्तव्य आहे. खोपीपुढे आठवड्यातून दोन तास बाराखडी गिरवून घेणारा विद्यार्थी त्या मुलाला थोडा आनंद देईल. तोच विद्यार्थी खोपींची मोजणी करून, शाळेबाहेरच्या मुलांची यादी मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी आणि कारखान्याच्या कार्यालयापुढे ठेवील आणि प्रवेश होईपर्यंत हटणार नाही, तर त्या मुलाचे वर्ष वाचेल. पहिल्या कामाला श्रेयांक मिळतात. दुसऱ्याला बहुधा प्राचार्यांची ताकीद मिळेल.

येथे कोणी विचारील की, सेवा दलाने तरी दुसरे काय केले? ४ जून १९४१ रोजी एस. एम. जोशी दलप्रमुख झाले तेव्हापासून सेवा दलाच्या मुलांनी गावे झाडली, विहिरी उपसल्या, शाखा चालविल्या. हे खरे आहे. पण त्या झाडूच्या मागे एक प्रश्न होता. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले. त्याआधी सेवा दलाच्या कलापथकासह त्यांनी महाराष्ट्र पिंजून काढला आणि गावोगाव हाच प्रश्न विचारला. आज तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने पंढरीला जाते, तेव्हा विद्यापीठाचे स्वयंसेवक 'निर्मल वारी'च्या नावाने पत्रावळी गोळा करतात. काम उपयुक्त आहे. पण रस्ता तोच असून प्रश्न गळून गेला आहे, हे आपल्या ध्यानात येते काय?

दुसरे उदाहरण 'एक गाव, एक पाणवठा' या चळवळीचे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात डॉ. बाबा आढाव आणि त्यांचे तरुण सहकारी गावोगाव गेले. त्यांनी कोणाला पाणी वाटले नाही. दलितांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येते का, एवढा एकच प्रश्न घेऊन त्यांनी पाहणी केली, आणि त्या एका प्रश्नाने गावगाड्याचा मुखवटा गळून पडला. विद्यापीठीय अर्थशास्त्रालाही हा मार्ग अपरिचित नाही. पुण्याच्या शेती महाविद्यालयात असताना हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागरची आणि पुढे जातेगाव बुद्रुकची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा सुखी खेड्याच्या कल्पनेखाली दडलेले कर्ज आणि जमिनीचे तुकडे आकड्यांनिशी उघडे पडले. शंभर वर्षांपूर्वी जे शक्य होते, ते आजच्या विद्यार्थ्याला अशक्य का असावे?

त्याच दुष्काळाचा आणखी एक धडा आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर होती. अनेक संस्थांनी, तरुणांनी अन्नधान्य वाटले, तलाव खोदले. बारामती तालुक्यातही पाझर तलावांची कामे झाली. परंतु त्या वेळचे धान्य त्या वेळीच संपले. टिकली ती रोजगार हमी. वि. स. पागे यांची कल्पना, खडी फोडणाऱ्या मजुरांचे मोर्चे आणि विरोधी पक्षांचा रेटा यांतून तिचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून काम मागणे हा महाराष्ट्रातील ग्रामीण माणसाचा हक्क ठरला. हाच विचार २००५ मध्ये देशाच्या कायद्यात उतरला. भूक भागविणारा हात आदरणीय खराच. पण हक्काची मागणी करणारा हात इतिहास घडवितो.

डॉ. लोहियांनी आपल्याला फावडे, मतपेटी आणि तुरुंग अशी त्रिसूत्री दिली. रचना, लोकशाही आणि सत्याग्रह यांची ती गुंफण होती. आजच्या शिक्षणव्यवस्थेने त्यांतील फावडे तेवढे ठेवून घेतले आहे. मतपेटी तर १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतून हद्दपारच केली. २०१६ च्या कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली, पण वर्षामागून वर्षे ती कागदावरच राहिली. जो विद्यार्थी विधानसभेसाठी मत देण्याइतका शहाणा आहे आणि गावाला स्वच्छता शिकविण्याइतका जबाबदार आहे, तो आपला प्रतिनिधी निवडण्याइतका विश्वासार्ह मात्र नाही! आणि तुरुंगाची गोष्टच नको. साध्या निदर्शनाने भवितव्य बिघडेल, हे भय त्याच्या मनात पहिल्या वर्षीच पेरले जाते.

'राजकारणाने अभ्यास बिघडतो' हा आक्षेप जुनाच आहे. त्याला उत्तर एवढेच की, प्रश्न न विचारणारी सेवा हेही राजकारणच आहे. ते आहे त्या व्यवस्थेचे राजकारण आहे. विद्यार्थ्याला ते नकळत करावयास लावणे हा त्याच्या बुद्धीचा अधिक मोठा अपमान होय.

तेव्हा बहिष्काराची भाषा न करता या नव्या व्यवस्थेत आपला आशय भरणे, हे आपले काम आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील महाविद्यालयांपुढे पुढील मागण्या ठेवाव्यात. समाजसहभागासाठी मान्य संस्थांच्या यादीत विश्वस्त संस्थांबरोबर ऊसतोड कामगार, शेतमजूर, अंगणवाडी सेविका आणि हमाल यांच्या संघटनांनाही स्थान असावे. वेतन देऊन करून घ्यावयाचे कोणतेही काम विद्यार्थ्याकडून फुकट करून घेऊ नये. गरीब विद्यार्थ्याला प्रवास आणि भोजनाचा खर्च मिळावा. जो घरच्यासाठी मजुरी करतो त्याचे तासही अनुभव म्हणून धरावेत. विद्यार्थ्यांनी केलेली पाहणी महाविद्यालयाच्या कपाटात न जाता ग्रामसभेपुढे वाचली जावी, आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीने त्याच गावात जाऊन काय बदलले ते तपासावे. विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका नियमित व्हाव्यात.

मागण्या करून भागणार नाही. पुढचा गाळप हंगाम सुरू होण्याआधी इंदापूर आणि बारामती तालुक्यांतील आपल्या प्रत्येक शाखेने दहा-दहा विद्यार्थी गाठावेत. त्यांना भाषणे देऊ नयेत. त्यांच्याबरोबर खोपीवर जावे, मुलांची यादी करावी, स्त्रियांना प्यायचे पाणी आणि शौचालय कोठे मिळते ते लिहून घ्यावे, मुकादमाच्या उचलीचा हिशेब समजून घ्यावा, आणि ती वही घेऊन त्यांच्यासह गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या व कारखान्याच्या दारात जावे. श्रेयांक मिळाले तर उत्तम, न मिळाले तरी चालेल. त्या वहीतील एका जरी मुलाचे नाव जिल्हा परिषद शाळेच्या पटावर चढले, तरी आपल्या तरुणाला सेवा आणि साथ यांतील फरक कळेल. आणि तो एकदा कळलेला माणूस पुढे कोणत्याही मालकाच्या देणगीने फसत नाही.