राजपुत्राची बोली कोणती?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळाच्या मासिक बैठकीत एक रंजक विषय निघाला. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ या अद्भुतरम्य कादंबरीवर आज चित्रपट काढावयाचा झाल्यास कोणती भूमिका कोणास द्यावी? बाहेर पाऊस कोसळत होता, चहा दोनदा फिरला आणि तासाभरात नामावली सिद्ध झाली. नायक, राजकन्या, कपटी खलपुरुष, विश्वासू सेवक, अरण्यातील लोक अशा सगळ्या जागा भरल्या गेल्या. ती नामावली ‘आदर्श पात्रयोजना’ म्हणून या पत्रिकेत छापावी, असेही ठरले. त्या नामावलीस आमचा विरोध आहे आणि तो येथेच नोंदवावा असे आम्हांस वाटते.

शासकीय सेवेत आमची हयात गेली. कोणत्याही पदावर नेमणूक करताना आधी पदाची कर्तव्ये पाहावयाची आणि मग ती पार पाडणारा माणूस शोधावयाचा, हा तेथील पहिला नियम. तो नेहमी पाळला जातो असे नव्हे. पण मोडला की कामाचे काय होते, ते आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्या मित्रांनी नेमके उलट केले. आधी मुंबईतील प्रसिद्ध चेहरे घेतले आणि मग त्यांना भूमिका वाटल्या. नायक गोरा व उंच. राजकन्या त्याहून गोरी. खलपुरुष काळा व जाड भुवयांचा. अरण्यवासी म्हणजे पिसे लावून नाचणारा जमाव, ज्यास नाव नाही आणि संवादही नाही. सेवकासाठी एक विनोदी नट निवडला गेला, कारण म्हणे ‘त्याला आपल्याकडची बोली चांगली जमते, लोक हसतील.’ आपल्याकडची म्हणजे तापीकाठची. म्हणजे आमची, तुमची, आपल्या आईची.

या वाक्यावर बैठकीत कोणी हरकत घेतली नाही. आम्हीही घेतली नाही. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. कारण हाच अपराध आमच्या हातून पूर्वी घडला आहे.

काही वर्षांपूर्वी याच मंडळात एका अद्भुत कथेचे अभिवाचन आम्ही बसविले होते. भूमिका आम्हीच वाटल्या. इच्छापूरच्या रस्त्यावर केळीची शेती करणारे एक गृहस्थ त्या वेळी नियमाने येत. आवाज भरदार, पाठांतर चोख. त्यांच्या बोलण्यात ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, एवढ्यावरून आम्ही त्यांना द्वारपालाचे चार संवाद दिले. राजाचे संवाद आम्ही स्वतःकडे ठेवले, कारण आमची मराठी ‘शुद्ध’. त्यांनी तोंड उघडताच श्रोते हसले. आम्हांस वाटले, प्रयोग रंगला. पुढे एका रात्री गावातील भजनात त्यांचा अभंग कानी पडला. सारा चौक निःशब्द झाला होता. राजाचा आवाज कोणता होता, ते आम्हांस त्या रात्री कळले. पण ते गृहस्थ पुन्हा मंडळात आले नाहीत आणि आम्हीही त्यांना बोलवावयास गेलो नाही.

म्हणून हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. ‘अहो, हा तर खेळ होता,’ असे आमचे मित्र म्हणतील. खेळ होता, हे खरे. परंतु जेथे खर्चाची अट नाही, निर्मात्याचा दबाव नाही, तेथेही आपल्या कल्पनेत राजपुत्र आपल्यासारखा दिसू वा बोलू शकत नाही, यापरते दारिद्र्य कोणते?

‘परंपरा तशीच आहे,’ हा दुसरा युक्तिवाद. तो तर इतिहासालाच धरून नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ केला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके त्यांनी हेरले आणि तेच तारामती झाले. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्याच साळुंक्यांनी केल्या. १९३६ च्या ‘संत तुकाराम’साठी दामले-फत्तेलाल यांनी विष्णुपंत पागनीस निवडले. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून नावारूपास आलेला हा गायक नट. आज तुकोबा म्हटले की डोळ्यांपुढे पागनीसच येतात. त्याच चित्रपटातील जिजाई गौरी यांनी केली. किरकोळ कामांपासून सुरुवात केलेली ही स्त्री, पण संसाराने गांजलेल्या बाईचा तोल तिने असा सांभाळला की १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला, त्यात तिचाही वाटा मानावा लागेल.

खलपुरुषाचा वर्ण काळाच असावा, हेही कोणी ठरविले? ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवर आधारलेल्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) राजगुरूची भूमिका हिंदीत चंद्रमोहन यांनी आणि मराठीत केशवराव दाते यांनी केली. दोघांनीही धाक निर्माण केला तो नजरेने आणि उच्चाराने. आपल्या हिंदी शेजाराचे उदाहरण घ्या. देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ १९९४ मध्ये दूरदर्शनवर आली, तेव्हा लोकांच्या तोंडी नायकापेक्षा क्रूरसिंहच अधिक राहिला. अखिलेंद्र मिश्र हे नाव त्यापूर्वी आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक होते?

आता बोलीचा मुद्दा. ‘नाथमाधवांची पात्रे ग्रांथिक भाषा बोलतात, त्यांच्या तोंडी खानदेशी कशी शोभेल?’ असे विचारले जाईल. आमचे उत्तर सरळ आहे. ती ग्रांथिक भाषा तेव्हाही कोणाच्या घरात बोलली जात नव्हती. चित्रपट करावयाचा तर ती बदलावीच लागेल. मग ती पुण्याच्या बोलीत बदलली तर स्वाभाविक आणि लेवा गणबोलीत किंवा वऱ्हाडीत बदलली तर विनोदी, हा न्याय कुठला? बहिणाबाई चौधरींनी ज्या बोलीत जन्ममरणाचे कोडे मांडले, ती बोली एका राजपुत्राचे दुःख पेलू शकणार नाही काय? इंग्रजांकडे पाहा. ‘हॅरी पॉटर’च्या लेखिकेने चित्रपटातील पात्रे ब्रिटिश नटांनीच करावीत असा आग्रह धरला आणि २००१ पासूनच्या त्या चित्रमालिकेत तो बव्हंशी पाळला गेला. जादूच्या शाळेलाही आपल्या मातीचा उच्चार हवा, हे त्यांना कळते. त्या पुस्तकांची हिंदी-मराठी भाषांतरे आपल्याच राज्यातील भोपाळहून प्रसिद्ध झाली. ती वाचून आपली नातवंडे वाढली. त्यांतील हा धडा मात्र आपण घेतला नाही.

‘प्रसिद्ध चेहऱ्यांवाचून पैसा उभा राहत नाही,’ हा शेवटचा आणि सर्वांत व्यवहारी आक्षेप. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’साठी करमाळा तालुक्यातील केम गावचा हलगी वाजविणारा सोमनाथ अवघडे घेतला आणि त्या मुलास उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१६ च्या ‘सैराट’मध्ये अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू आपल्याच बोलीत गरजली. महाराष्ट्राने चित्रपटगृहे भरून तिला उत्तर दिले. तिच्या बोलीस कोणी हसले नाही.

तेव्हा आमची पात्रयोजना अशी. नायक तापीकाठचा, उन्हात रापलेला, आपल्या बोलीत प्रेम करणारा आणि आज्ञा देणारा. राजकन्येची निवड रंगावर नव्हे, धैर्याचे संवाद ती कशी म्हणते यावर. अरण्यवासी म्हणून सातपुड्यातील कोरकू, बारेला आणि भिलाला मंडळी. त्यांना नावे, संवाद आणि मानधन, तिन्ही पूर्ण. खलपुरुष कोणत्याही वर्णाचा चालेल, मात्र त्याला मराठी स्वच्छ आली पाहिजे. नेपथ्याची चिंता नको. अश्वत्थामा आजही पहाटे शिवाला फूल वाहून जातो अशी ज्याची ख्याती, तो अशीरगड येथे आहे. सातपुड्याचे पाणी भुयारांतून आणि कुंड्यांच्या रांगांतून शहरात आणणारा, खानखानाच्या काळचा, सुमारे १६१५ सालचा कुंडी भंडारा बऱ्हाणपुरात आहे. याहून अद्भुत गुहा कोणता कादंबरीकार रचील?

शिकारीत सिंहगडाच्या कड्यावरून पडून नाथमाधवांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले होते. स्वतः हिंडू न शकणाऱ्या माणसाने महाराष्ट्राला दुर्ग, अरण्ये आणि साहसे हिंडवून आणली. अद्भुताचा अधिकार कोणाच्या बाह्य रूपावर अवलंबून नसतो, याचे याहून मोठे प्रमाण आम्ही काय द्यावे?

चित्रपट काढणे आपल्या हाती नाही. अभिवाचन मात्र आहे. दिवाळीनंतरच्या बैठकीत ‘वीरधवल’मधील एक प्रकरण वाचावे आणि त्याआधी कार्यकारिणीने इच्छापूर रस्त्यावरील त्या गृहस्थांच्या घरी जाऊन त्यांना नायकाच्या भूमिकेसाठी विनंती करावी, असा ठराव आम्ही मांडत आहोत. क्षमा मागण्यासाठी सर्वांच्या पुढे आम्ही असू. आणि या वेळी द्वारपालाचे चार संवाद आम्हांस द्यावेत.