डेटाला दुबार पेरणी नसते

"काहून रे, माहा आवाज त्या डबड्यात कायले भरून ठेवतं?" नाचणगावच्या घरी आजी हसत विचारायची आणि जात्यावरची पुढची ओवी सुरू करायची. मी फोनवर दोन तासांचं रेकॉर्डिंग केलं. पुढं आजी गेली. दीड वर्षानं फोन सांगू लागला, मेमरी कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा. त्या दोन तासांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

मित्र म्हणाले, "क्लाउडवर नव्हतं का?" माझं भांडण या प्रश्नाशीच आहे. विदर्भातला शेतकरीसुद्धा नुसता ढग बघून पेरत नाही. आपण मात्र ढगाचं नाव ऐकलं की निर्धास्त. फोटोंचं ॲप फोटो आणि व्हिडिओ वर नेतं, आवाजाच्या फाइलींना हात लावत नाही, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? 1 जून 2021 पासून गूगलवर नवे फोटोही त्याच 15 जीबीत मोजले जातात, ज्यात तुमची मेल आणि ड्राइव्ह असते. जागा भरली की नवे फोटो वर जाणं थांबतं. दोन वर्षं न उघडलेलं खातं पुसण्याचा हक्कही कंपनीनं राखून ठेवलाय. आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक हा आरसा आहे. तुम्ही इकडे फोटो उडवला की तो तिकडूनही उडतो.

मग पेनड्राइव्ह? तो आणि मेमरी कार्ड एकाच जातीचे. दोन्हींत माहिती विजेच्या बारीक भाराच्या रूपात असते. वर्षानुवर्षं न वापरता ठेवलं तर तो भार गळतो आणि उष्णतेत लवकर गळतो. आमच्याकडचा मे महिना आठवा. घरच्या साठवणीला मी साधी फिरत्या चकतीची हार्ड डिस्क घेईन. तेवढ्याच जागेला ती एसएसडीपेक्षा स्वस्त पडते. पण तीही पडते, बिघडते. म्हणून एकटीवर विसंबायचं नाही.

घरातल्या कपाटावरही विसंबू नका. आमच्या शेजारच्या पुलगावात केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. 31 मे 2016 च्या रात्री तिथं आग लागून स्फोट झाले आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. अशा रात्री माणूस लेकरू उचलतो, हार्ड डिस्क नाही.

म्हणून जगभर सांगितला जाणारा नियम साधा आहे: तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत दुसऱ्या गावी. फोनमध्ये एक, हार्ड डिस्कवर एक, आणि तिसरी क्लाउडवर किंवा नागपूरच्या मावशीकडे.

हे शहाणपण परकं नाही. महानुभाव परंपरा सांगते की म्हाइंभटांनी रिद्धपूरला सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी धाडीत गेली. ग्रंथ उरला तो हिराइसेसारख्यांच्या स्मरणात होता म्हणून. पण पाठ वेगवेगळे झाले आणि अभ्यासक आजही ते जुळवत बसतात. आठवणीतून ग्रंथ परत येतो, पण जसाच्या तसा येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा करून लिहून ठेवल्या. आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. कुणीतरी कंटाळा न करता प्रती केल्या, म्हणून.

"एवढ्या जागेला पैसे कुठून आणू?" हे कारण मला सांगू नका. दोन तासांचा आवाज साध्या एमपी थ्रीत सव्वाशे एमबीच्या आत मावतो. माझ्याकडे पैसा कमी नव्हता, दहा मिनिटं कमी होती. त्याच फोनवर मी रोज तासभर रील्स बघत होतो.

शेवटची गोष्ट. जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही, तो बॅकअप नाही, नुसता समज आहे. बियाणं पेरण्याआधी आपण उगवण तपासतो ना? तसं वर्षातून एकदा, अक्षय तृतीयेला म्हणा, हार्ड डिस्क जोडा, एखादी जुनी फाइल उघडा, वाजवून बघा. पाऊस दगा देतो तेव्हा दुबार पेरणीचा मार्ग तरी असतो. माझ्या आजीचा आवाज मी पुन्हा पेरू शकत नाही. तुमची आजी असेल, तर आज रेकॉर्ड करा आणि झोपण्याआधी दुसरी प्रत करा.