आभाळातून पडलं तर पंचनामा कोण करणार?

टिपेश्वर अभयारण्यातला वाघ पैनगंगा ओलांडून तेलंगणातल्या आमच्या भीमपूर मंडलात येतो आणि एखाद्या कास्तकाराची गाय मारतो, तेव्हा काय करायचं हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. मेलेलं जनावर हलवायचं नाही, वनखात्याला कळवायचं, पंचनामा करून घ्यायचा. वाघ महाराष्ट्रातला की तेलंगणातला, हे कोणी विचारत बसत नाही. भरपाई उशिरा येते, कमी वाटते, त्यावरून वाद होतात. पण ती मागायची कुठे, हे माहीत असतं. वावरात आभाळातून काही पडलं तर मात्र जायचं कुठे, हे कुणालाच सांगता येणार नाही. खाजगी अवकाश उद्योगाबद्दल आपल्याकडे जे काही बोललं जातं, त्यात हा प्रश्न मला कुठेच दिसत नाही.

आणि हा प्रश्न कल्पनेतला नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूचं एक भलंमोठं कडं मोकळ्या जागेत येऊन आदळलं. त्या भागात धातूचे पोकळ गोळेही सापडले. स्फोट होईल या भीतीने लोक घरात शिरले. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन ते अवशेष पाहून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी चांग झेंग ३-बी रॉकेटचा तो भाग असावा, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला. सुदैवाने कुणालाही इजा झाली नाही. भीमपूरपासून लाडबोरी सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. पृथ्वीभोवती तासाला अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या वस्तूला हे अंतर कापायला अर्धा मिनिटही लागत नाही.

त्या दिवशी कुणाचं घर मोडलं असतं तर? १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो की ज्या देशाने यान सोडलं, त्याने जमिनीवर झालेल्या नुकसानीची भरपाई करावी, मग चूक कुणाची का असेना. पण ती मागायची सरकारने सरकारकडे. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस ९५४ उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. चिनी तुकड्याने घर मोडलं असतं तर लाडबोरीच्या माणसाला निदान दिल्लीच्या पाठीमागे उभं राहता आलं असतं.

तुकडा भारतीय कंपनीच्या रॉकेटचा असेल तर तीही सोय नाही. या कराराच्या सातव्या कलमाप्रमाणे यान सोडणाऱ्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांना हा करार लागूच होत नाही. भारतीय रॉकेटचा भाग परदेशातल्या शेतावर पडला तर भारत सरकार देणं लागतं. तोच भाग भीमपूरच्या कपाशीत पडला तर देशातल्या कायद्याने काय ते ठरवायचं. आणि देशात तसा खास कायदाच नाही. अवकाश व्यवहार विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये लोकांपुढे ठेवला गेला होता. त्याचा कायदा अजून झालेला नाही.

मी खाजगी कंपन्यांच्या विरोधात नाही. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या स्कायरूटचं विक्रम-एस श्रीहरिकोट्यावरून ८९.५ किलोमीटर उंचीवर गेलं, भारतातलं पहिलं खाजगी रॉकेट. विक्रम साराभाईंचं नाव त्याला दिलेलं पाहून मला मनापासून अभिमान वाटला. आमच्या भागातली जी मुलं शिकायला हैदराबादला जातात, त्यांच्यासाठी ही नव्या कामाची वाट आहे. ती बंद व्हावी असं कोणाला वाटेल? श्रीहरिकोट्याची रॉकेटं समुद्रावरून जातात, त्यामुळे आपल्या डोक्यावर काही पडण्याची शक्यता फार थोडी, हेही खरं. पण कक्षेत राहिलेला टप्पा महिन्यांनी, वर्षांनी खाली येतो तेव्हा तो समुद्र पाहून येत नाही. उड्डाणं वाढली की हे टप्पेही वाढणार.

सरकारने उद्योगासाठी दारं मात्र भराभर उघडली. २०२० मध्ये खाजगी उड्डाणांना परवानगी देणाऱ्या इन-स्पेस या सरकारी संस्थेची घोषणा, २०२३ मध्ये अवकाश धोरण, २०२४ मध्ये परदेशी गुंतवणुकीला मोकळीक. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राने उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी इरादापत्र केलं. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिवसारख्या दूरच्या जिल्ह्यांत इंटरनेट पोचेल, असं सांगितलं गेलं. पोचावंच. पैनगंगेच्या या काठावरही ते यावं. पण गुंतवणूक जाहीर करायला जेवढे पुढारी उभे राहतात, त्यातला एकही सातव्या कलमावर बोलताना मी ऐकलेला नाही. इन-स्पेसच्या २०२४ च्या नियमावलीत विम्याचा विचार आहे, हे चांगलंच आहे. मात्र नियमावली म्हणजे संसदेचा कायदा नव्हे. तिच्यावरून कास्तकाराला कोर्टात हक्क सांगता येईलच, असं नाही.

माणुसकीने हे कसं करता येतं, याचं उदाहरण आपल्याजवळच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था हैदराबादहून कित्येक दशकं शास्त्रीय उपकरणांचे मोठे फुगे सोडते. ती उपकरणं पॅराशूटने दूरदूरच्या शिवारात उतरतात. त्याआधी तेलंगणा आणि लगतच्या महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांना कळवलं जातं: हात लावू नका, पोलिसांना सांगा. सांगणाऱ्याला खर्च आणि बक्षीस मिळतं. म्हणजे ज्याच्या वावरात वस्तू पडली, तो त्या प्रयोगाचा साथीदार मानला जातो.

अवकाश कायद्यात हेच यायला हवं. वस्तू कुणाची हे शोधायचं काम सरकारचं. तोवर नुकसान झालेल्याला पहिली रक्कम सरकारने द्यायची आणि नंतर ती कंपनीच्या विम्यातून वसूल करायची. पंचनामा तहसीलदाराने करायचा, ठरलेल्या मुदतीत. धोक्याची सूचना तेलुगूत, मराठीत आणि गोंडीतही हवी, कारण आमच्या मंडलात तिन्ही भाषा बोलणारी माणसं राहतात. आदिलाबादच्या आणि पलीकडच्या यवतमाळ, चंद्रपूरच्या खासदारांनी मिळून हे विधेयक पुन्हा मागावं. लाडबोरी त्यांच्यातल्याच एकाच्या मतदारसंघाशेजारचं गाव आहे.