आवडले, पण का?

मराठीतल्या एका लहानशा शब्दाने तुम्हांला सुरुवातीला नक्कीच गोंधळात टाकले असेल. तो शब्द म्हणजे 'मत'. उर्दूत 'मत बोलो' म्हणजे 'बोलू नका'. मराठीत मात्र 'मत' म्हणजे 'राय'. 'तुमचे मत सांगा' असे कोणी मराठीत म्हटले, तर तो तुम्हांला गप्प बसवत नाही, उलट बोलायला सांगतो. आज मीही तुम्हांला तुमचे मत विचारणार आहे. पण त्याआधी माझे सांगतो.

विषय तुमच्या आवडीचा आहे. ॲनिमे! जपानमध्ये कोणत्याही ॲनिमेशनपटाला ॲनिमे म्हणतात. जपानबाहेर मात्र जपानी ॲनिमेशनपटांना आणि तशा मालिकांनाच हे नाव पडले आहे. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामू तेझुका यांची एका यंत्र-मुलाची मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि दर आठवड्याला ॲनिमे पाहण्याची तिथल्या मुलांना सवय लागली. आपल्याकडेही ॲनिमे नवे नाही. १९९० नंतरच्या काही वर्षांत दूरदर्शनवर मोगलीची मालिका लागत असे. गोष्ट किपलिंगची, जंगल भारताचे, हिंदी गीत गुलजार यांचे; पण चित्रे जपानमध्ये तयार झालेली. तुमच्या आईवडिलांनी ती आवडीने पाहिली असेल. आपण ॲनिमे पाहत आहोत हे त्यांच्यापैकी कितीजणांना ठाऊक होते, ते त्यांनाच विचारा.

आता मला सांगा, एखादी मालिका पाहिल्यावर मधल्या सुट्टीत तुम्ही काय बोलता? एकजण म्हणतो, "एकदम भारी!" दुसरा म्हणतो, "अगदीच बकवास!" मग पहिला आवाज चढवतो, दुसरा त्याहून चढवतो. घंटा होते आणि दोघेही आपापल्या बाकावर जाऊन बसतात. कोणाच्याच पदरात काही पडत नाही.

असे का होते? कारण 'भारी' आणि 'बकवास' हे उद्गार आहेत. ती मते नव्हेत. उद्गाराला 'कारण' हा शब्द जोडला, की मग त्याचे मत होते.

डोरेमॉनचेच उदाहरण घ्या. समजा, एकजण म्हणाला, "मला ही मालिका आवडत नाही, कारण नोबिता स्वतः काहीच करत नाही. गृहपाठ राहिला की रडतो आणि डोरेमॉनच्या खिशातून एखादे यंत्र मागतो." हे मत झाले. त्यावर दुसरा म्हणाला, "पण गोष्टीचा शेवट पाहा. नोबिता हाव धरतो, यंत्राचा भलताच उपयोग करतो आणि बहुतेक वेळा तोच तोंडावर पडतो. म्हणजे मालिका आळसाची बाजू घेत नाही." हेही मत झाले. दोघांचे पटले नाही, पण दोघांनीही मालिकेतलाच पुरावा दिला. अशा बोलण्याला उर्दूत दलील म्हणतात, मराठीत युक्तिवाद. आता बोलणे पुढे सरकते.

हे सांगणे सोपे आहे, करणे अवघड. ते किती अवघड आहे, हे मला अलीकडेच कळले. सुट्टीत माझा नववीतला भाचा आणि सातवीतली भाची आमच्याकडे राहायला आली होती. त्यांच्या आग्रहाने मी 'फ्रीरेन' ही मालिका पाहिली. केइइचिरो साइतो यांनी दिग्दर्शित केलेले तिचे पहिले पर्व सप्टेंबर २०२३ ते मार्च २०२४ या काळात जपानमध्ये पहिल्यांदा दाखवले गेले. त्या पर्वाचे एकूण २८ भाग आहेत. मूळ कथा चित्रकथेच्या रूपात २०२० पासून छापून येऊ लागली होती.

कथेची सुरुवातच वेगळी आहे. बहुतेक साहसकथा राक्षसांचा राजा मेला की संपतात. ही तिथून सुरू होते. चार मित्र दहा वर्षे प्रवास करून राक्षसांच्या राजाला मारतात आणि घरी परततात. हिम्मेल हा वीर, हायटर हा धर्मगुरू, आयझेन हा बुटका योद्धा आणि फ्रीरेन ही जादूगार. फ्रीरेन माणूस नाही. तिची जमात हजारो वर्षे जगते. म्हणून मित्रांबरोबरची दहा वर्षे तिला अगदी थोडी वाटतात. आकाशातला उल्कावर्षाव पाहून ती सहज म्हणते, की पन्नास वर्षांनी तो पुन्हा होईल तेव्हा मी तुम्हांला याहून चांगल्या जागी घेऊन जाईन. आणि ती निघून जाते.

पन्नास वर्षांनी ती परत येते, तेव्हा देखणा हिम्मेल म्हातारा झालेला असतो. चौघे पुन्हा एकदा तो उल्कावर्षाव पाहतात. त्यानंतर लवकरच हिम्मेल मरण पावतो. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी फ्रीरेनला रडू कोसळते. माणसाचे आयुष्य थोडे असते हे ठाऊक असूनही आपण त्याला जाणून घेतले नाही, हे तिला सलते. पुढे फर्न नावाची मुलगी तिची शिष्या होते, श्टार्क नावाचा तरुण त्यांना येऊन मिळतो आणि जुन्या वाटेने नवा प्रवास सुरू होतो.

मला ही मालिका आवडली. का? पहिले कारण असे, की इथे मोठ्या लढायांपेक्षा छोट्या गोष्टींना मोल आहे. फ्रीरेनला मोठमोठ्या मंत्रांपेक्षा किरकोळ मंत्र जमवायला आवडतात. गोड द्राक्षे आंबट करण्याचा मंत्र, पुतळ्यावरचा गंज काढण्याचा मंत्र, फुलांचा मळा फुलवण्याचा मंत्र! हिम्मेलच्या गावाकडचे एक निळे फूल शोधण्यासाठी ती कित्येक महिने एका जागी थांबते. ज्याला जिवंतपणी वेळ दिला नाही, त्याच्या आठवणीला ती आता वेळ देते. दुसरे कारण माझे स्वतःचे आहे. माझ्या आजीजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते. 'पुढच्या सुट्टीत निवांत ऐकू' असे मी दरवर्षी म्हणत राहिलो. एका वर्षी ती सुट्टी आलीच नाही. म्हणून फ्रीरेनचे रडणे मला समजले.

यातले पहिले कारण मालिकेतले आहे, दुसरे माझ्या मनातले. मत देताना दोन्ही सांगावीत, पण त्यांची सरमिसळ करू नये. माझी आजी तुम्हांला ठाऊक नाही. मालिका मात्र तुम्हीही पाहून तपासू शकता.

आता आमच्या घरात झालेल्या वादाकडे येतो. या मालिकेत राक्षस आहेत. ते माणसांसारखे दिसतात, माणसांसारखे बोलतात, पण माणसांना खातात. सातव्या भागात एक जुनी हकीकत येते. एका राक्षसकन्येने गावातल्या एका मुलीला मारलेले असते. फ्रीरेन तिला ठार करणार, इतक्यात ती 'आई' असा शब्द उच्चारते. हिम्मेलचे मन द्रवते. गावाचा प्रमुख तिला आपल्या घरात ठेवून घेतो. काही काळाने ती त्याच प्रमुखाला ठार मारते आणि त्याची मुलगी त्या दुःखी आईला देऊ करते. मुलीच्या बदल्यात मुलगी! मग 'आई' असे ती का म्हणाली होती? तो शब्द उच्चारला की माणसे हात आवरतात, हे तिला ठाऊक होते, म्हणून. आई म्हणजे काय हे तिला कधीच कळलेले नसते.

हा भाग संपला आणि भाचा म्हणाला, "बरोबरच आहे. राक्षसांवर दया दाखवायचीच नाही." भाची मात्र गप्प होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला हे आवडले नाही. एखादी जमात सगळीच्या सगळी जन्मापासून वाईट, असे कसे म्हणायचे?"

भाचा लगेच म्हणाला, "तुला काही कळत नाही!" मी त्याला थांबवले. 'तुला कळत नाही' हे मत नव्हे, हा दरवाजा लावून घेणे झाले. "तुझे कारण सांग," मी म्हणालो.

त्याने विचार केला आणि खरोखर चांगले कारण दिले. "हे राक्षस म्हणजे माणसांची दुसरी जात नाही. ते वाघासारखे शिकारी आहेत. वाघाला नखे, तसे यांना शब्द. वाघाला आपण वाईट म्हणत नाही, पण त्याला घरातही ठेवत नाही."

भाची म्हणाली, "मग मालिका त्यांना कपटी का म्हणते? आणि कपट तर फ्रीरेनही करते. आपली जादूची शक्ती ती आयुष्यभर लपवून ठेवते, म्हणजे राक्षस तिला दुबळी समजतील आणि फसतील. ही लपवाछपवीच आहे. मग फसवणे ही एकट्या राक्षसांची खोड कशी?"

भाच्याजवळ लगेच उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर माझ्याजवळही नव्हते. सातवीतल्या मुलीने मालिकेतलाच पुरावा मालिकेपुढे ठेवला होता. आम्ही तो भाग पुन्हा लावला आणि या वेळी लक्ष देऊन पाहिला.

पुन्हा पाहिल्यावर माझे मत असे झाले. कथेच्या जगात लेखकाने नियम घातला आहे, की हे प्राणी शब्द वापरतात पण त्यामागची भावना त्यांच्यात नसते. तो नियम मानला, तर फ्रीरेनचे वागणे मला पटते. पण तो नियम त्या जगापुरताच आहे. दूरचित्रवाणीसंच बंद केल्यावर तो आपल्याबरोबर बाहेर येता कामा नये. 'ती माणसे सगळी तसलीच', 'त्यांच्या गोड बोलण्यावर जाऊ नका' अशी वाक्ये आपण कधी एखाद्या गावाबद्दल ऐकतो, कधी एखाद्या वस्तीबद्दल, कधी एखाद्या भाषेच्या माणसांबद्दल. बोलणाऱ्याने त्यांच्यापैकी एकाशीही दोन शब्द बोललेले नसतात. राक्षस चित्रातले आहेत. आपल्या गल्लीतली माणसे चित्रातली नाहीत. हा फरक जो विसरतो, त्याच्यासाठी हीच चांगली मालिका वाईट ठरू शकते.

भाचीला माझे म्हणणे अर्धेच पटले. ती म्हणाली, "मग लेखकाने एखादा तरी वेगळा राक्षस दाखवायला हवा होता." असू द्या. अर्धे पटणे हेसुद्धा उत्तर आहे.

आणखी एका गोष्टीवर आमचे अजूनही जमत नाही. अठराव्या भागापासून जादूगारांची एक मोठी परीक्षा सुरू होते. माझ्या मते तिथे मालिका घसरते. एकदम खूप नवी पात्रे येतात, त्यांची नावे लक्षात ठेवण्यातच जीव जातो आणि सुरुवातीचा तो शांत प्रवास हरवतो. भाच्याला हाच भाग सगळ्यांत प्रिय आहे. तो म्हणतो, की ज्याची कल्पना करता येते तेच जादूने करता येते, हा या मालिकेचा नियम परीक्षेतच नीट समजतो. प्रत्येक जादूगाराचा स्वभाव त्याच्या जादूत दिसतो. त्याचे कारण चांगले आहे. तरीही मला तो भाग लांबलेलाच वाटतो. मतभेद झाला म्हणजे भांडण झालेच पाहिजे असे नाही. त्या रात्री आम्ही तिघे एकाच ताटलीतले शेंगदाणे खात होतो.

आता थोडे मोठ्या माणसांविषयी. 'कार्टून काय बघत बसलात? लहान मुलांचा खेळ तो!' असे घरातले कोणी म्हणते, तेव्हा तुम्हांला राग येतो. त्यांनी ती मालिका पाहिलेली नसते. न पाहता दिलेल्या मताला पूर्वग्रह म्हणतात. पण रागावू नका. त्यांना एक भाग आपल्या शेजारी बसवून दाखवा. मीसुद्धा पहिल्या दिवशी वर्तमानपत्रातून डोके वर काढले नव्हते. आणि हो, पाहून झाल्यावर ते 'नाही आवडले' म्हणाले, तर तेही ऐकून घ्या. त्यांनाही विचारा, "का?" कदाचित 'अभ्यासाच्या वेळी बघता' हे त्यांचे खरे कारण असेल. ते मालिकेविषयीचे मत नव्हे. पण तुमच्याविषयीचे आहे आणि त्यात तथ्य असू शकते!

मत सांगताना दुसऱ्याचा आनंदही जपावा. मी तुम्हांला फ्रीरेनची सुरुवात सांगितली, वादापुरत्या मधल्या दोन-तीन गोष्टी सांगितल्या. त्या परीक्षेचा निकाल मात्र सांगितलेला नाही. तो तुमचा तुम्ही पाहायचा.

तर मित्रांनो, माझे मत सांगून झाले. आता तुमची पाळी. तुम्ही अलीकडे पाहिलेली एखादी मालिका आठवा. तिच्याविषयी मराठीत पाच वाक्ये लिहा. पहिल्या वाक्यात 'मला आवडली' किंवा 'मला आवडली नाही' असे खुशाल म्हणा. दुसऱ्या वाक्यात मात्र 'कारण' हा शब्द आलाच पाहिजे. मग ती वाक्ये तुमच्याशी ज्याचे कधीच पटत नाही, अशा एखाद्या मित्राला वाचून दाखवा आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐका.

मराठीतले 'मत' बोलायला सांगते. आणि समोरचा बोलत असताना उर्दूतले 'मत' आपण स्वतःला सांगावे: मध्येच बोलू नको. मला वाटते, हे दोन्ही शब्द जवळ असलेला विद्यार्थी चर्चेत कधी मागे पडणार नाही. तुमचे मत काय?